अस्वलाचे बाबा

माझी मावशी प्राथमिक शाळेत शिकवायची आणि नोकरीची सगळी वर्षं तिनं पहिली-दुसरीच्या वर्गांत काढली. वरचे वर्ग घ्या, मुलं निदान नाक पुसून येतात, असं बाकीचे शिक्षक तिला सांगायचे. ती ऐकायची नाही. मूल पहिल्यांदा एखादा शब्द आपला आपण वाचतं, तेव्हा ते आधी पुस्तकाकडे बघतं आणि मग बाईंकडे, कुणी खोडी काढली की काय अशा नजरेनं. ती नजर बघायची तिला चटक लागली होती. काका म्हणायचे, हिला भाजीत मीठ कमी पडलेलं कळत नाही, पण परक्याच्या पोराची वेलांटी चुकली तर झोप येत नाही.

शाळा बस डेपोच्या मागे होती. मावशीचा वर्ग तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीला चिकटून. टाकीकडची भिंत मुलांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत कायम ओली असायची, त्यामुळे त्या बाजूला कुणी टेकून बसायचं नाही. समोर पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्याचं दुकान. त्याचा हातोडा थांबला की बाई बोलणार आणि सुरू झाला की बाई थांबणार, हे मुलांनाही ठाऊक झालं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सुट्टीत मावशीकडे राहायचे. घरी बसून कंटाळा आला की तिच्या वर्गात जाऊन मागे बसायचे.

शाळेला गोष्टीची पुस्तकं मिळाली होती. खोका भरून आली होती, गुळगुळीत पानांची, मोठ्या चित्रांची. ती हेडसरांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात होती आणि किल्ली हेडसरांच्या खिशात. मावशीनं मागून पाहिली. हेडसर वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. पान फाटलं तर उत्तर कोण देणार, असं त्यांनी विचारलं. मी देईन, असं ती म्हणाली, तर ते म्हणाले, बाई, उत्तर तुम्ही द्याल हो, पण प्रश्न मला विचारतील. त्या कपाटात पुस्तकं इतकी सुरक्षित होती की चोर शिरला असता तरी त्यानंसुद्धा काचेबाहेरूनच बघितली असती.

मग मावशीनं रद्दीवाल्याशी संधान बांधलं. मुलांची पुस्तकं आली की तो बाजूला काढून ठेवायचा. कुणाला मागचा पुठ्ठा नसायचा, कुणाचं शेवटचं पान गेलेलं. वर्गात तिनं दोरी बांधली आणि कपडे वाळत घालावेत तशी ती पुस्तकं चिमट्यांनी टांगली. हवं ते काढा, हवं तेव्हा परत लावा, फाटलं तर सांगा, आपण चिकटवू. शेवटचा तास ती गोष्ट वाचायची. परीक्षेत नसलेली, प्रश्नोत्तरं नसलेली नुसती गोष्ट. त्या तासाला पेटीवालासुद्धा हातोडा जरा हळू मारतो, अशी तिची समजूत होती. मला काही तसं वाटलं नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती, कोपऱ्यावर इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या बाईची. मुलं तिला रेडिओ म्हणायची, कारण एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण सापडायचं नाही. वडील कुठेतरी बोटीवर कामाला गेले होते. सुरुवातीला त्यांचं काही ना काही यायचं, नंतर यायचं बंद झालं. आई त्याबद्दल बोलायची नाही. कपड्यांच्या घड्या घालत राहायची.

रेडिओचं एकच पुस्तक ठरलेलं होतं. एका अस्वलाची छत्री हरवते आणि ते ती शोधत जंगलभर फिरतं. रोज दोरीवरून तेच काढायची. शाळा सुटल्यावर घरी न्यायची आणि आईच्या टेबलाखाली बसून, कपडे न्यायला आलेल्यांना वाचून दाखवायची. मी स्वतः ऐकलं आहे. पानं अगदी वेळेवर उलटायची. अस्वलाला ताप यायचा, सशाशी भांडण व्हायचं, आणि अस्वलाचे बाबा नदीपलीकडे कामाला गेलेले असायचे. छत्री त्यांचीच होती, ती सापडली की ते परत येणार होते. शर्ट न्यायला आलेला माणूस शर्ट हातात घेऊन गोष्ट संपेपर्यंत उभा राहायचा. मावशीला ही वाढीव गोष्ट कानावर आली होती. वाचता वाचता पोर मनाचं घालते आहे, याहून चांगलं काय, असं तिला वाटायचं. ती घरी येऊन काकांना सांगायची, माझी रेडिओ बघा.

वर्षाच्या मध्यावर तपासणीचे साहेब आले. मावशीनं मोठ्या हौसेनं रेडिओला उभं केलं. रेडिओनं पुस्तक उघडलं आणि झरझर वाचायला लागली. साहेबांनी दोन पानं ऐकून घेतली. मग वाकून चित्रावर तळहात ठेवला आणि म्हणाले, बाळ, यात छत्री हा शब्द कुठे आहे, बोट ठेव.

तिनं बोट ठेवलं. तो शब्द 'झाडाखाली' होता. साहेबांनी दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. तिचं बोट फिरत राहिलं आणि मग थांबलं.

"हिला वाचता येत नाही, बाई," साहेब म्हणाले. "हिला पाठ आहे."

ते काही रागावून बोलले नाहीत. पण वर्ग हसला, आणि मुलांना हसायला काय, बहाणाच हवा असतो. रेडिओ पुस्तक छातीशी धरून उभी राहिली. वर्गात पन्नासच्या वर मुलं, सगळी एका सुरात वाचायची. त्या सुरात तिचा आवाज सगळ्यात मोठा होता, म्हणून मावशीला कधी शंका आली नव्हती. रेडिओला अक्षरं जेमतेम येत होती.

त्या दिवशी मावशी जेवली नाही. काकांनी समजूत काढली, एवढ्या मुलांत एखादं सुटायचंच. ती म्हणाली, एखादं सुटलं असतं तर चाललं असतं, मी जिच्याकडे बोट दाखवत होते तीच सुटली.

मग ती हट्टाला पेटली. शाळा सुटल्यावर ती रेडिओला थांबवून घ्यायची. अस्वलाचं पुस्तक तिनं दोरीवरून काढून टेबलाच्या खणात ठेवलं. हातात पुस्तक असलं की पोर डोक्यातून बोलते, असं तिनं मला समजावलं. त्याऐवजी पुठ्ठ्याच्या पट्ट्या केल्या. एका पट्टीवर एक शब्द, चित्र नाही. आधी काना, मग वेलांट्या, मग जोडाक्षरं. रेडिओ शब्द बघून अंदाजानं काहीतरी बोलायची आणि लगेच त्याची गोष्ट करायला जायची. मावशी म्हणायची, गोष्ट नको, शब्द वाच. पोर गोष्ट मागायची. मावशी म्हणायची, एवढी ओळ नीट वाच, मग सांगते. ओळ नीट यायची नाही, आणि आली की घरी जायची वेळ झालेली असायची.

मावशी मारकुटी नव्हती, कधी आवाजही चढवायची नाही. तिनं डोळ्यांत तेल घालून त्या मुलीला शिकवलं. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, शिकवा बाई, तिला बिलावरचं नाव वाचता आलं तरी माझं अर्धं काम हलकं होईल.

आणि रेडिओ शिकली. हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं की अशा गोष्टीत मूल शिकत नाही. ती शिकली. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती कुठलीही ओळ वाचायची, हळू, पण बिनचूक. 'प्रश्न' वाचायची, 'निष्कारण' वाचायची. वर्गात मात्र ती आता फारशी बोलत नव्हती. मुलं तिला रेडिओ म्हणायची विसरली. मावशीला ते दिसलं, पण मूल मोठं होतंय, शहाणं होतंय, असं तिनं मनाशी घेतलं.

वर्ष संपत आलं तेव्हा मावशीनं खण उघडला आणि अस्वलाचं पुस्तक तिच्या हातात दिलं. मी त्या दिवशी मागच्या बाकावर होते. वाच आता, खरं खरं, असं मावशी म्हणाली. तिचा चेहरा असा होता की जणू तिचाच निकाल लागणार आहे.

मुलीनं वाचलं. शब्दाखाली बोट ठेवून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. पानावर दोन ओळी, फार तर तीन. अस्वलाची छत्री हरवली. ते झाडाखाली बघतं. ते सशाला विचारतं. छत्री त्याच्याच पलंगाखाली असते. संपलं. वाचायला किती थोडं होतं ते मलाही तेव्हाच कळलं. तिनं शेवटचं पान उलटून मागे बघितलं, पुन्हा पुढची पानं चाळली.

"बाई, यात त्याचे बाबा नाहीत."

"नव्हतेच गं कधी," मावशी म्हणाली. तिला वाटलं, मुलीला आता खरं-खोटं कळायला लागलं. ती कौतुकानंच म्हणाली.

मुलीनं पुस्तक मिटलं, नेऊन दोरीला लावलं आणि चिमटा नीट बसला की नाही तेही पाहिलं. त्यानंतर तिनं ते काढलं नाही, आणि दुसरंही कुठलं काढलं नाही. दोन-तीन दिवसांनी मावशी माझ्याशी बोलता बोलता मध्येच थांबली आणि म्हणाली, मी काय बोलून बसले. मी म्हटलं, मावशी, तू तिला वाचायला शिकवलंस. ती म्हणाली, हो, तेवढं केलं.

पुढच्या वर्षी तिनं त्या मुलीला सोप्या गोष्टी वाचून दाखवल्या, नवी पुस्तकं दिली, स्वतः गोष्ट रचायला सांगितली. मुलगी सांगितलेलं सगळं करायची. पुस्तक दिलं की वाचून काढायची आणि परत द्यायची. कसं वाटलं विचारलं तर म्हणायची, छान आहे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा पालथाही नव्हता, सरळच होता. फक्त आत काही राहत नव्हतं.

नंतर शाळांना हुकूम आला की मुलांचं वाचन घड्याळ लावून मोजायचं. शेवटचा तास त्यात गेला. मावशीनं मूग गिळले. तिचा वर्ग मोजणीत पहिला आला, हेडसरांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या. मुलं धाप लागेस्तोवर वाचायची आणि काय वाचलं विचारलं तर एकमेकांकडे बघायची. दोरी काही दिवस रिकामी लोंबत होती, मग कुणीतरी तिच्यावर फडकी वाळत घातली. मावशी निवृत्त झाल्यावर मुलं कमी झाली म्हणून शाळा दुसऱ्या शाळेत घातली. काचेचं कपाट हलवायला माणसं आली तेव्हा ते उचलताच सुटं झालं, लाकूड आणि पुस्तकं दोन्ही आतून वाळवीनं पोखरली होती. वरून पुस्तकं तशीच गुळगुळीत दिसत होती.

ती मुलगी आता पार्सलच्या गोदामात पत्ते वाचून खोकी लावते. मावशीला एकदा रस्त्यात भेटली, वाकून नमस्कार केला. म्हणाली, बाई, दिवसभर वाचतच असते, तुमच्यामुळे एक पत्ता चुकत नाही. मावशीनं तिच्या आईची चौकशी केली. पुस्तकांची केली नाही.

काका गेल्यावर मावशीनं तिच्या इमारतीच्या जिन्याखाली सतरंजी टाकून गोष्टी वाचायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात मुलं आली. मग एकेकाची आई येऊन विचारू लागली, गणित घ्याल का, गणितात मागे पडतोय. आता ती पुढच्या खोलीत पाढे घेते. रोज संध्याकाळी मुलं रांगेत बसतात. आईबाप खूश आहेत, ती शिकवतेही छान.

परवा मी तिला म्हटलं, शेवटची पाच मिनिटं एक गोष्ट वाचत जा ना.

ती फळा पुसत होती. "अगं, पाढे म्हणून दमतात गं ती," ती म्हणाली. "घरी जाऊ दे त्यांना."