सहापैकी सहा

माझा दादा दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करतो. काटा तपासायला त्याच्याकडे मालकांनी दिलेली पितळी वजनांची लाकडी पेटी आहे. वजनं तो चिमट्यानंच उचलतो, बोटाचा घाम लागला तरी फरक पडतो म्हणे. असा हा माणूस आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला मी. मी घरीच शिलाई करते, जिभेला हाड नाही आणि धीर तर मुळातच कमी.

काटा लावून घरी आला की दादाला वाटायचं, आपण तो चुकीचा लावला, आता गिऱ्हाइकांना माल कमी जाणार. की घातल्या चपला आणि निघाला परत. कधी तीनदा, कधी पाचदा. एक दुकानदार म्हणालाच, "इथेच अंथरूण टाका ना." घरात आम्ही दोघंच, त्यामुळे हसणारी मीच आणि चिडणारीही मीच. लोक याला मंत्रचळ म्हणतात. त्याच्यावर उपचार करणाऱ्या मॅडम ओसीडी म्हणाल्या.

गोळ्या होत्याच, पण खरा उपचार म्हणजे गृहपाठ. काटा एकदाच तपासायचा, घरी यायचं, मग जीव कितीही तगमगला तरी परत जायचं नाही. किती पाळलं त्याला रोज शून्य ते सहा गुण. दादानं त्याच्या कागदावर लिहायचं, मी माझ्या. एकमेकांचं बघायचं नाही आणि दर शनिवारी दोन्ही पाकिटं मॅडमकडे द्यायची.

पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला. माझं मशीन भिंतीकडे तोंड करून, दार पाठीमागे. दादा कधी आला, कधी गेला, मी वळूनही पाहिलं नाही. शनिवारी सकाळी एका दमात सगळे रकाने भरले. सहा, सहा, सहा. म्हटलं, दादाला तेवढाच हुरूप येईल. खरं सांगायचं तर मला ती कटकट नको होती.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. दादाचे आकडे होते दोन, एक, दोन.

"तुम्ही स्वतःला फार कमी गुण देताय," त्या म्हणाल्या. "या आजारात केलेलंही केल्यासारखं वाटत नाही."

दादा माझ्याकडे वळला. "मंगळवारी मी परत गेलो नव्हतो?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंड शिवून बसले.

"तू लिहिलंयस म्हणजे नसेन गेलो," तो म्हणाला.

पुढचे सात आठवडे मी सहाच लिहीत राहिले. कमी लिहिलं असतं तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं. आपण परत गेलो होतो की नाही, याचीच दादाला शंका यायला लागली. शेवटी तोही पाच, सहा लिहायला लागला.

एका शुक्रवारी त्यानं पेटी स्वच्छ पुसून टेबलावर ठेवली. "उद्या मालकांना परत देऊन टाकतो. आपण कुठे गेलो हेच ज्याला कळत नाही, त्यानं वजनं हातात धरू नयेत."

तो चिडला असता तर मी भांडले असते. तो शांत होता.

"दादा, मी बघितलंच नाही," मी म्हणाले. "एकाही आठवड्यात नाही. सगळं शनिवारी बसून भरलं."

तो पेटीपाशीच खाली बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्या मंगळवारी मी गेलो होतो?"

"मला माहीत नाही. मी पाठमोरी होते."

आठ आठवडे जे उत्तर मी बसल्या जागी लिहून टाकत होते, ते त्यानं मागितलं तेव्हा माझ्याकडे नव्हतं. मला स्वतःची किळस आली.

"गेलो होतो," तो सावकाश म्हणाला. "डेअरीत. शटर अर्धं खाली होतं, मी वाकून आत शिरलो." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "गेलोच होतो मी."

दुसऱ्या दिवशी मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नव्या कागदावर 'आठवडा पहिला' लिहिलं. पेटी घरीच राहिली. मी मशीन फिरवून दाराकडे तोंड केलं आणि रोज पाहिलं. त्याचं चपला घालणं, काढणं, उंबऱ्यात अडखळणं, निघून जाणं.

पुढच्या शनिवारी मॅडमनी कागद शेजारी ठेवले. मंगळवार: त्याचे दोन, माझे दोन.

दादानं दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. "जुळलं," तो म्हणाला. सहापैकी दोन मिळाले होते आणि त्याचा चेहरा पहिला नंबर आल्यासारखा फुलला होता. मला मान वर करवेना.