स्क्रीनवरचं तेलकट बोट
मिरचीभज्यांचा वास आला की मला मळमळतं. कुकटपल्लीच्या ऑफिसात पाळीच्या तारखा नोंदवायचं एक अ‍ॅप, त्यातली माहिती बाहेर कुठे जाते हे तपासायला, माझ्याकडे आलं होतं. खोटं खातं उघडायचा कंटाळा, म्हणून तेच अ‍ॅप वापरणाऱ्या माझ्या ताईचा फोन शहरातल्याच हिमायतनगरच्या तिच्या घरून मागून आणला आणि फोन नि इंटरनेटच्या मध्ये माझा लॅपटॉप बसवला. 'तुमच्यावर कुणी नजर ठेवत असेल,' असा इशारा फोनने दिला, तो मी झटक्यात बंद केला. मग स्क्रीनवर ओळी सरकू लागल्या, आणि त्यांत ताईची एक नोंद सरळ एका जाहिरात कंपनीकडे चाललेली दिसली: गर्भपात, तिसरा महिना. तिने आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. साहेब भजी खात आले, तेलकट बोट नेमकं त्या ओळीवर टेकवून म्हणाले, "अरे, ये तो सबीच करते. रिपोर्ट में नक्को लिखो." शिसारी आली, तरी मी लिहिलं नाही. महिन्याभराने ताईने विचारलं, "मला सारख्या बाळाच्या कपड्यांच्या जाहिराती का दाखवतात रे?" मी म्हटलं, "काय माहीत!" आजही तिच्याकडे भजी तळली की मी पोट बिघडल्याचं सांगतो, आणि ती बिचारी मला ओव्याचं पाणी करून देते.