म्हशीचे वकील

मुर्री गावचे शिवलाल बिसेन गोंदियाला खत आणायला गेले की रद्दीच्या दुकानात हमखास बसत. जुनी मासिकं, फाटकी इतिहासाची पुस्तकं, जे हाती लागेल ते वाचत, आणि त्यातलं काही विचित्र सापडलं की गावच्या पानठेल्यावर येऊन सांगत. कोणी ऐको न ऐको. बायको गोमतीबाई म्हणत, "धानाचा भाव विचारला तर माहीत नाही, अन् मेलेल्या राजाच्या मांजराचं नाव पाठ हाय!"

दोन हजार आठच्या पावसाळ्यात रुख्माबाईची म्हैस भुरी दावं तोडून केशोराव टेंभऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरली आणि रोवणीचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, चरून गेली. केशोराव काठी घेऊन रुख्माबाईच्या दारात. शिवीगाळ झाली आणि प्रकरण तंटामुक्ती समितीपुढे गेलं. अध्यक्ष भैयाजी समाजमंदिरात बसले होते. शिवलालही तिथंच.

"रुख्माबाईवर केस कायले?" शिवलाल उठून म्हणाले. "पऱ्हे बाईनं खाल्ले काय? जुन्या काळी फ्रान्स देशात जनावरावरच खटला चाले. उंदरायनं पीक खाल्लं तर उंदरायले समन्स. त्यायले सरकारी खर्चानं वकील बी भेटे."

लोक हसले. भैयाजी हसले नाहीत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांना केशोराव आणि रुख्माबाई, दोघांचीही मतं हवी होती. म्हशीचं मत नव्हतं. ते म्हणाले, "ठीक हाय. आरोपी म्हैस. वकील तुम्ही. सोमवारी हजर करा."

सोमवारी सगळं गाव जमलं. भुरी आली नाही. शिवलाल शांतपणे म्हणाले, "रस्त्यानं कुत्रे हायेत. आरोपीच्या जिवाले धोका हाय. उंदरायच्या वकिलानं बी हेच सांगतलं होतं, की रस्त्यात मांजरी हायेत. कोर्टानं मानलं होतं."

"मंग आता?" केशोराव ओरडले.

"फिर्यादीनं संरक्षण द्यावं."

भैयाजींनी मान डोलावली. पुढच्या तारखेला केशोराव स्वतः काठी घेऊन कुत्रे हाकलत म्हशीसोबत चालले. ती मधेच बसू नये म्हणून त्यांनी खिशात सरकीच्या पेंडीची ढेप ठेवली होती. दर वळणावर एक तुकडा.

"गुन्हा कबूल?" भैयाजींनी विचारलं. भुरीनं मान हलवली.

"हरकत!" शिवलाल म्हणाले. "ते माशी हाकलून राहिली."

माशी होती की कबुली, यावर दुपार गेली. शेवटी निकाल लागला: म्हैस दोषी, पण तिच्याजवळ देण्यासारखं काही नाही, म्हणून भरपाई वकिलानं करावी. शिवलालनं विचार केला आणि आपल्या बांधीतले उरलेले पऱ्हे केशोरावांना दिले.  हे ऐकून गोमतीबाई म्हणाल्या, "दुनियेत वकील घेते, आमचा वकील देते."

इथं मिटायला हवं होतं. पण भुरीला ढेपीची चव लागली होती. ती रोज सकाळी केशोरावांच्या दारात जाऊन उभी राहू लागली, आणि केशोरावही तिला काही ना काही चारू लागले. रुख्माबाई समितीकडे आल्या: "यायनं माही म्हैस फितवली!"

"मी बोलावतो काय? ते स्वतःच येऊन राहिली," केशोराव म्हणाले, आणि दोघंही शिवलालकडे वळले. दोघांनाही तेच वकील हवे होते.

"मी म्हशीचा वकील हाय," शिवलाल म्हणाले. "माणसायच्या केसेस घेत नाही."

मग रुख्माबाईंनीच ढेप आणली आणि भुरी घरी टिकली. शिवलालचं नाव मात्र आजूबाजूला पसरलं. त्यांनी पुढे एकच खटला घेतला: नागरा गावच्या केवळरामचा कोंबडा, भर दुपारी आरवतो म्हणून शेजाऱ्यांची तक्रार. शिवलालनं तासभर बाजू मांडली आणि हरले. रविवारी आरोपी शिजला. केवळरामनं वकिलाला सहकुटुंब जेवायला बोलावलं.

शिवलाल गेले नाहीत. गोमतीबाई जाऊन आल्या. रस्सा चांगला झाला होता म्हणाल्या.