ओळ पुरी होऊ दे

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारची बाई स्वेटर विणत होती. मोरपंखी लोकर, मांडीवर कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा, की मला तिचा रागच आला. मी तासभर मोबाइलवर बोट फिरवत होते. तेवढ्या वेळात तिचा स्वेटर चार बोटं वाढला होता.

मध्येच तिला एक टाका चुकलेला दिसला. तिने सुई काढली आणि तीन-चार ओळी सरळ उसवून टाकल्या. कपाळावर साधी आठीसुद्धा नाही! पोटात दुखलं ते माझ्या. माझ्या कपाटात लेकीसाठी विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर अडून बसलाय, आणि लेक आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे.

"एवढा वेळ कसा काढता हो?" मी आवाजात कौतुक आणून विचारलं.

"काढायचा कुठून? वाट तर बघायचीच असते ना," ती म्हणाली.

इतक्यात तिचं नाव पुकारलं. मान वर न करताच ती मला म्हणाली, "तुम्हीच जा आधी. माझी ओळ पुरी होऊ दे."

जिच्यावर जळत होते, तिनेच दिलेला वेळ घेऊन मी आत गेले आणि खुर्चीत टेकता टेकता डॉक्टरांना म्हणाले, "जरा लवकर आटपा हो."