डावीकडून पाचवी

मी पुण्यातल्या मॅडमना फोनवर सांगितलं, "डावीकडून पाचवी काढा." आणि त्यांनी डावीकडून पाचवीच काढली. चूक त्यांची काडीचीही नाही. मी सांगितलं तसं करणारी माणसं मला घरात कधी भेटली नाहीत, कामावर नेमकी भेटतात.

माझं काम थोडक्यात सांगतो, म्हणजे चूक किती मोठी ते कळेल. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या डेटा सेंटरमध्ये रोग्यांचे स्कॅन आणि रिपोर्ट साठवणाऱ्या पेट्या आहेत. एकेका पेटीत ओळीनं चोवीस डिस्क उभ्या लावलेल्या. सर्व्हर वेगळीकडे, पेट्या वेगळीकडे, मध्ये नेटवर्क. या पेट्यांवर मी बीडमधून, घरच्या टेबलावरून लक्ष ठेवतो. हाताचं काम असेल तेव्हा तिथल्या मॅडम करतात. त्या माझ्याच वयाच्या, आणि डोक्यानं माझ्यापेक्षा थंड.

त्या दिवशी मी घरीही नव्हतो. शिरूर कासारजवळ सासुरवाडीला मेंढरांची कातरणी होती. बायको म्हणाली, "चला, तेवढाच माझ्या बापूंना हातभार." माझा हातभार किती, ते पुढं येईलच. दुपारी फोनवर सूचना आली, की नव्या पेटीतली पाच नंबरची डिस्क मेली. मेलेली काढून नवी बसवायची, दहा मिनिटांचं काम. पेटी बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात अख्ख्या पेटीचं रंगीत चित्र दिसतं आणि मेलेली डिस्क लाल होते. पण पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर चढून लॅपटॉप उंच धरला तरी रेंज एकच काडी. चित्र काही उघडेना. म्हटलं, चित्र कशाला पाहिजे? पाच म्हणजे पाच.

फोनवर मॅडमचा आवाज आला. "सर, पेटी आता दोन डिस्क गेल्या म्हणतेय, कोणत्या ते सांगत नाही."

तेव्हा आठवलं. आमची जुनी पेटी एकपासून मोजते, नवी पेटी शून्यापासून. हिची पाच नंबरची म्हणजे सहावी. मी चांगली डिस्क उपटायला लावली होती, आणि मेलेली तिच्या शेजारी तशीच बसून होती.

ही पेटी दोन डिस्क गेल्या तरी तग धरते. तिसरी गेली, की संपलं. प्रत दुसरीकडे असते, पण ती परत आणायला अख्खा दिवस जातो.

"घाबरवत नाही सर," मॅडम म्हणाल्या, "पण वर ऑपरेशन चालू आहे. डॉक्टर स्क्रीनवर याच पेटीतले स्कॅन बघतायत. काढलेली परत बसवू? आणि मग मेलेली कोणती? आता तुम्ही म्हणाल त्यावर माझा विश्वास नाही."

माझाही नव्हता. मी कठड्यावर तसाच उभा. तोंडाचा रंग उडालेला बघून सासरे हातातली कातर ठेवून आले. आयुष्य मेंढरांमागं गेलेला माणूस. मी त्यांना मामा म्हणतो.

"काय झालं जावईबापू?"

"मामा, चुकीची काढली. सगळ्या सारख्याच दिसतात."

"मंग कावून काढली? हाक मारली व्हती का?"

मी ऐकायला कठड्यावरून खाली वाकलो. ते म्हणाले, "सकाळी बी तुमी शेजारच्याचंच मेंढरू धरून आनलं. लोकर उतरली का पाठीवरचा खुणेचा रंग जातो, समदी येकसारखी. आदी हाक मारायची. मान वर करंल तीच आपली. मंग हात घालायचा."

खोटं कशाला सांगू, लाज वाटली. कारण डिस्कला हाक मारायची सोय सहा महिन्यांपूर्वी मीच बसवली होती. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या पेटीशी तिच्याच बोलीत बोलावं लागे. मग एकमेकींची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या त्याच कंपन्यांची माणसं एकत्र बसली आणि सगळ्या पेट्यांना कळेल अशी एक बोली ठरवून त्यांनी ती सगळ्यांना खुली केली. त्या बोलीत डिस्कच्या अनुक्रमांकावर, म्हणजे कारखान्यातून मिळालेल्या तिच्या एकटीच्या नंबरावर, निरोप धाडला, की डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकतो. कुठल्याही कंपनीची असो. निरोप दोन ओळींचा, एका काडीच्या रेंजवरही जातो. आणि मी रंगीत चित्राची वाट बघत बसलो होतो.

आधी काढलेली डिस्क परत बसवायला सांगितली. गेल्या काही मिनिटांत जे लिहून झालं तेवढं तिनं भरून घेतलं आणि ती पुन्हा कामाला लागली. मग मेलेलीचा अनुक्रमांक सूचनेतून उचलला आणि निरोप धाडला. मामा कठड्याखाली उभे राहून लॅपटॉपकडे असे बघत होते, जसं काही त्यातूनच मान वर होणार आहे.

"लुकलुकली," मॅडम म्हणाल्या. "सहावी."

"तीच काढा."

"सर, यापुढे दिवा लुकलुकल्याशिवाय मी हात लावणार नाही. तुम्ही कितीही सांगा."

नवी बसली आणि भरायला लागली. वर डॉक्टरांना यातलं काहीच कळलं नव्हतं. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला, "ऑपरेशन नीट झालं." तो रोगी कोण, हे मला कधी कळणार नाही, त्यालाही मी कळणार नाही, आणि ते बरंच आहे. पण त्या दिवसापासून मी ती बोली ठरवणाऱ्या अनोळखी माणसांचे मनातल्या मनात आभार मानतो. मॅडमचे फोनवर मानले. मामांचे मानायला गेलो, तर म्हणाले, "आभार ऱ्हाऊ द्या, त्या शेजारच्याचं मेंढरू सोडून या."

जेवताना मी सगळी हकीकत रंगवून सांगितली. बायको भाकरी वाढता वाढता थांबली.

"लई नवल करू नका," ती म्हणाली. "मला बघायला आलता, तवा पोह्याच्या बश्या घेऊन माझी चुलतबहीण आली, अन तुमी तिलाच इचारलं, म्होरं शिकायचं हाय का. मी दाराआडून खोकले, म्हणून आज हितं बसून भाकरी खाताय."