मान खाली घालून पाहिलेला फ्रान्स

मी घाबरट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. देवावर माझी श्रद्धा होती, पण ती बरे दिवस असतानाची श्रद्धा होती. सकाळी आंघोळ झाली की रामापुढे निरांजन लावायचं, घाईघाईत स्तोत्र म्हणायचं आणि कामाला लागायचं, एवढाच आमचा संबंध. खरी भीती समोर येऊन उभी राहिली, तेव्हा मी देवाकडे गेले नाही. मी खोटं बोलू लागले. गेल्या वर्षी जपानमध्ये जे घडलं ते सांगताना मला सगळ्यात जास्त लाज या गोष्टीची वाटते.

पुण्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षं फ्रेंच शिकवलं. लूव्र संग्रहालयाच्या अंगणातला काचेचा पिरॅमिड, समुद्रात उभा असलेला मॉं सें-मिशेलचा मठ, एत्रेताच्या पांढऱ्या कड्यांच्या कमानी, हे सगळं मी मुलांना पुस्तकातल्या चित्रांवरून इतक्या वेळा दाखवलं की पालकांना वाटायचं, बाई दर सुट्टीत तिकडेच जात असणार. मी फ्रान्सला एकदाही गेले नव्हते. आधी संसार, मग यांचं आजारपण. हे गेल्यावर मुलगा निखिल म्हणाला, “आई, तू आधी टोकियोला आमच्याकडे ये. मग आपण दोघं इथूनच पॅरिसला जाऊ.” निखिल आणि सून मधुरा टोकियोच्या हिगाशी-कसाई भागात राहतात, दोघंही आयटीत. मी सप्टेंबरात पोचले. पॅरिसचं विमान ऑक्टोबरात होतं.

विमानाला दहा दिवस उरले असताना, बाल्कनीत कपडे वाळत घालताना माझ्या उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. आकाश निरभ्र होतं. दुपारी पुन्हा चमकलं. दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यापुढे काळे ठिपके आणि धागे तरंगू लागले, चिलटं उठावीत तसे. हे साधं नाही, एवढं मला आतून कळत होतं. पण सांगितलं की डॉक्टर, आणि डॉक्टर म्हटलं की प्रवास रद्द, असं मी मनाशी धरलं होतं. मधुराने विचारलं, “आई, डोळा का चोळताय सारखा?” मी म्हणाले, “कांदा चिरला ना आत्ता.” त्या दिवशी घरात कांदा नव्हताच. तिच्या ते लक्षात आलं नाही आणि मला बरं वाटलं. रामापुढे बसले तेव्हाही मी डोळ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याला सांगितलं तर खरं होईल, अशी काहीतरी वेडी समजूत होती.

चौथ्या दिवशी उएनोच्या संग्रहालयात फ्रेंच चित्रांचं प्रदर्शन पाहायला मी एकटीच गेले. मुलं ऑफिसात होती. मेट्रोच्या तोझाई लाइनने निहोम्बाशी स्टेशन, तिथे गाडी बदलायची, हे मला पाठ झालं होतं. हातात फ्रेंचमधलंच एक जाडजूड प्रवासाचं पुस्तक होतं. एका चित्रापुढे थांबले. टेबलावर नासपती आणि पाण्याचा तांब्या, एवढंच साधं चित्र. पाहता पाहता खालच्या कोपऱ्यातली नासपती दिसेनाशी झाली. तिथे राखाडी काहीतरी होतं. मी डावा डोळा तळव्याने झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. राखाडी पडदा नाकाच्या बाजूने वर आलेला होता, आणि तो हलत होता. त्या शांत दालनात सगळी माणसं हळू पावलांनी चाललेली, आणि त्यांच्यामध्ये उभी राहून मी आंधळी होत होते. ओरडायचं तर कोणत्या भाषेत, हेही मला कळेना.

तेवढ्यात शेजारून कुणीतरी जपानीत काही विचारलं. राखाडी स्वेटर घातलेली, सत्तरी ओलांडलेली एक बारीकशी बाई होती. मी नुसती मान हलवली. तिची नजर माझ्या हातातल्या पुस्तकावर गेली, आणि तिने स्वच्छ फ्रेंचमध्ये विचारलं, “तुम्ही एकेक डोळा झाकून पाहताय. पडदा दिसतोय का?”

“हो.”

“वाढतोय?”

“नाही,” मी म्हणाले. सवयीने म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या तोंडून निघालं, “हो. वाढतोय. त्रास सुरू होऊन चार दिवस झाले.” चार दिवसांत मी पहिल्यांदा खरं बोलले, तेही एका अनोळखी बाईशी, तिसऱ्याच देशाच्या भाषेत.

ती म्हणाली, “माझा नवराही असाच डोळा झाकून बघायचा. घरी पाहुणे येणार होते म्हणून त्याने दोन दिवस काढले. तुम्ही आज थांबायचं नाही.” तिने माझं कोपर धरलं आणि स्वतःचं प्रदर्शन अर्धं सोडून मला बाहेर आणलं.

टॅक्सीत मी तिचा हात सोडला नाही. हायाशी-सान, म्हणजे हायाशीबाई, हे नाव मला तिथेच कळलं. तरुणपणी ती आणि तिचा नवरा सहा वर्षं फ्रान्समध्ये रुआँ गावात होती. तो हॉटेलात स्वयंपाकी, ती केकच्या दुकानात. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर जपानीत बोलायचे, ती मला फ्रेंचमध्ये सांगायची. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, सुटत चालला होता. मधला भाग अजून धरून होता, पण किती तास धरेल याची खात्री नव्हती. ऑपरेशन आजच. फोन गेल्यावर निखिल धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “आई, चार दिवस? मला का नाही सांगितलंस?” मी म्हणाले, “फ्रान्स जाईल म्हणून.” तो खुर्चीत बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडणार, उंचावर तो फुगतो, म्हणून तो विरेपर्यंत कित्येक आठवडे विमानात बसायचं नाही. म्हणजे फ्रान्स गेलाच.

ऑपरेशन जागेपणी होतं. तोंडावर कापड, त्याखाली प्रखर उजेड, आणि कानाशी न कळणारे शब्द. माझे दात वाजत होते. जन्मभर म्हटलेलं स्तोत्र आठवायला गेले तर पहिला शब्दसुद्धा येईना. एवढ्या वर्षांचं पाठांतर कुठे गेलं कोण जाणे. तेव्हा मी एवढंच म्हणाले, “रामराया, मला काही येत नाही. आता तुझं तू बघ.” भीती गेली नाही, खोटं का सांगू? पण तिला धरून ठेवणारे माझे हात सुटले. उजेडाखाली मी नुसती पडून राहिले.

मग आला तो आठवडा. बुडबुड्याने पडदा जागेवर दाबून ठेवावा म्हणून सतत मान खाली. जेवताना खाली, झोपताना पालथं. मला दिसायची ती फक्त हॉस्पिटलची फरशी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय. डोळा परत येईल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. रोज दुपारी मात्र निळ्या मोज्यांतले दोन छोटे पाय माझ्यासमोर येऊन थांबायचे. हायाशी-सान स्टुलावर बसायची आणि फ्रान्स सांगायची. मॉं सें-मिशेलला गेलात तर रात्रीच्या मुक्कामाला राहा, गर्दी परतल्यावरच ते बेट आपलं होतं. ओहोटीच्या वाळूत वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका, पाय रुततो. शार्त्रच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या काही दिसणार नाही, अर्धा तास बसून राहा, मग खिडक्यांच्या रंगीत काचांमधला निळा रंग खाली उतरतो. लूव्र सगळं बघायला जाऊ नका, एका दालनात दुपार घालवा. आल्प्समध्ये एका हिमनदीकडे उतरताना खडकावर वर्षांच्या पाट्या आहेत, बर्फ पूर्वी कुठवर होता ते सांगणाऱ्या. खाली जाताना एकेका पाटीपाशी छाती धडधडते, ती म्हणाली. हे सगळं मी शिकवलं होतं, पण मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. मी म्हणाले, “मला फार भीती वाटते हो.” ते निळे मोजे जरा जवळ आले. ती म्हणाली, “वाटू दे. मान तेवढी वर करू नका.” मला रडता रडता हसू आलं. इतक्या वर्षांत ऐकलेल्या कुठल्याच प्रवचनाने मला इतकं नेमकं काही सांगितलं नव्हतं.

बुडबुडा विरायला दीड महिना लागला. नजर आली. सरळ रेघा त्या डोळ्याला किंचित वाकड्या दिसतात, आणि दुसऱ्या डोळ्यातही एक नाजूक जागा निघाली आहे, तिला लेझर केलं आहे. भीती माझ्याबरोबर राहतेच. त्या दालनात त्याच क्षणी फ्रेंच बोलणारी, आणि नेमकं हेच दुखणं ओळखणारी बाई का उभी होती, याचा मी कुणाशी वाद घालत नाही. निखिल योगायोग म्हणतो. म्हणू दे बापडा. मी हात जोडते.

नोव्हेंबरात आम्ही तिघं हायाशी-सानच्या घरी, ग्योतोकु नावाच्या उपनगरात गेलो. निखिल आणि मधुरा तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेले आणि मी तिच्या नवऱ्याजवळ बसले. त्यांचा एक डोळा त्या दोन दिवसांच्या उशिरात गेला, दुसराही आता जवळजवळ गेला आहे. मला वाटलं, ते फ्रान्सबद्दल बोलतील. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि फ्रेंचमध्ये विचारलं, “बाहेर काय दिसतंय?”

मी सांगू लागले. समोरच्या अंगणात पर्सिमनचं झाड आहे, पानं गळलीत, केशरी फळं मात्र तशीच लटकलीत. एकावर कावळा बसलाय. वरच्या बाल्कनीत कुणीतरी गादी वाळत घातली आहे. एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून चाललेत, बहुतेक चाकात हवा नाही. एकेक वस्तू माझ्या हातात ठेवली जात होती, आणि मी ती पुढे देत होते. यातलं काहीही पाहण्यासाठी मी कधी देवाकडे मागणं मागितलं नव्हतं. ते न मागता मिळत होतं, आणि मी ते कधी मोजलंही नव्हतं. मला पुढे बोलवेना, म्हणून मी थांबले.

त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ते हळूच म्हणाले, “थांबू नका. कावळा अजून आहे का?”