मान खाली घालून चालायचं शहर

अंकुश गेल्याचं मला ज्या बाईंनी कळवलं, त्यांचं नावही तोवर मी ऐकलं नव्हतं. सकाळी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं, औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत स्कूटरींची गर्दी अजून व्हायची होती, आणि मी एका लग्नाच्या बॅनरवरच्या नवरदेवाचा चेहरा उजळ करत बसलो होतो. अनोळखी नंबर वाजला. "श्रीपादभाई का? मी सिल्लोडची नसरीन. अंकुशभाईच्या बाजूला असते मी, डायलिसिसला..." एवढं बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "अंकुशभाई गेले. आत्ताच. सुनंदाच्यानं बोलवत नाही, म्हणून मीच लावला फोन." मी खुर्चीवरून उठलो, परत बसलो. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात जे आलं ते सांगायला जड जातंय, पण आलं ते असं... ही कोण? माझ्या अंकुशची बातमी मला देणारी ही बाई कोण?

त्या दिवशी पहाटेच त्याला दम लागला होता. सुनंदा वहिनींनी शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि दारापर्यंत पोचता पोचता सगळं संपलं. नसरीन आपांची डायलिसिसची पाळीही त्याच सकाळची होती. त्या व्हीलचेअरवर आत जायच्या बेतात होत्या, आणि वहिनी त्यांच्याच खांद्यावर पडून रडल्या. मी पोचलो तेव्हा तिथं माझ्यासाठी जागा उरली नव्हती, असं मला वाटलं. जागा भरपूर होती. पण वाटलं तसं.

अंकुश सिल्लोडकडच्या एका खेड्यातला. घरची शेती, कापूस आणि मका. पॉलिटेक्निकला नंबर लागला म्हणून शहरात आला आणि समर्थनगरात आमच्या घरामागं खोली घेऊन राहिला. माझ्या वडिलांनी तेव्हा मला कॉम्प्युटर घेऊन दिला होता, अभ्यासासाठी. त्याच्यावर मी पहिल्यांदा काय टाकलं, तर एक रोल-प्लेइंग गेम. घरातून हाकललेला एक निरोप्या डोंगरी मुलखात आपल्या हरवलेल्या बहिणीला शोधत हिंडतो, गावोगाव माणसं जोडतो, लढतो, त्याची गोष्ट. त्या निरोप्याला नाव आपण द्यायचं असे. आम्ही तासभर भांडून 'अंश्री' ठेवलं, अंकुशमधलं अं आणि श्रीपादमधलं श्री. ग्राफिक्स कार्ड नावाची वस्तू आमच्या त्या डब्यात नव्हती. निरोप्यानं एक पाऊल टाकलं की चित्र अडकायचं, दुसरं पाऊल कधी पडलं ते कळायचंच नाही. मी वैतागून गेम काढून टाकायला निघालो होतो. अंकुश म्हणाला, "थांब रं. गाडी चढंना झाली तर वझं कमी करतेत, गाडी इकत नाहीत." आणि त्यानं सेटिंगमध्ये शिरून एकेक वस्तू बंद करत आणली. सावल्या गेल्या. गवत गेलं. पाण्यातली प्रतिबिंबं गेली. नजर पोचायचं अंतर त्यानं इतकं कमी केलं की चार झाडांच्या पुढं सगळीकडं पांढरं धुकं. मला ते दरिद्री वाटलं. पण निरोप्या चालायला लागला...

एकच ठिकाण तरीही जमेना, त्या राज्यातल्या मोठ्या शहराचा बाजार. माणसं, पालं, दिवे, कोंबड्या, सगळं एकदम काढताना कॉम्प्युटरचा जीव जायचा. तिथंही अंकुशनंच वाट काढली. निरोप्याची नजर जमिनीकडं वळवायची. पडद्यावर नुसती फरशी दिसली की कॉम्प्युटरला काढायला फार काही उरत नाही, आणि मग सुसाट पळता येतं. त्यामुळं आमचा अंश्री त्या थोर शहरातून कायम मान खाली घालून गेला. बाजार कसा होता ते आम्ही धड पाहिलंच नाही. इंग्रजी संवाद मी वाचायचो आणि मराठीत सांगायचो, कारण अंकुशचं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. तो खेळायचा, मी वाचायचो. आई गरम भाकरी घेऊन यायची आणि तिच्यातला खरपूस पापुद्रा नेमका त्याच्या ताटात पडायचा. "लेकरू घर सोडून राहतंय," ती म्हणायची. मी तर घरातच होतो ना, मला कशाला पापुद्रा! हसण्यावारी न्यायची गोष्ट, पण मला ती अजून आठवते, यातच काय ते आलं. त्याला थोडक्यात सुखी होता यायचं. मला कधीच जमलं नाही.

गेम पुरा झाला नाही. कॉम्प्युटर बिघडला, मी डिझाइन शिकायला पुण्याला गेलो, तो वाळूजच्या एका कारखान्यात लागला. पुढं मी परत येऊन छपाईचं दुकान टाकलं, दोघांची लग्नं झाली, भेटी होत राहिल्या. मग ऐन चाळिशीत त्याच्या किडन्यांनी हात टेकले. शिफ्ट सुटल्या, कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसतं काम दिलं, आणि आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी डायलिसिसच्या खुर्चीत जायला लागल्या. त्याच सुमारास आमचा तो जुना गेम हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. हँडहेल्ड म्हणतात त्याला, जाडसर मोबाइलसारखं, दोन्ही बाजूंना बटणं. अंकुशनं ते घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात हजर झाला. चेहऱ्यावर सूज होती, पण डोळे जुनेच होते. "बघ, कोण आलंय."

मी पाहिलं. माझं पोट चित्रांवर चालतं. रंग जरा फाटला, कडा जरा दातेरी झाली तरी मला खुपतं. मला दिसलं ते असं की, भिंतींवरचे दगड पुसट, साबण फासल्यासारखे. झाडं आधी नाहीत आणि जवळ गेल्यावर एकाएकी उगवतात. सावल्यांना करवतीचे दात. अक्षरं मुंगीएवढी. धुकं तर आमच्या वेळेसारखंच दाराशी आलेलं. आणि बाजारात शिरताच चित्र परत अडखळायला लागलं, यंत्र तापलं, आतला पंखा घोंघावायला लागला. मी एकेक करून सगळं बोलून दाखवलं. अंकुश ऐकत होता. शेवटी म्हणाला, "लई बारीक बघतो तू. आरं, आपल्या डब्यापेक्षा तर बरंच पळतंय. आन् हे छातीवर ठिवून खेळता येतंय, एक हात सुईत आसला तरी." मी म्हटलं, "घरी ये. माझ्या मशीनवर लावतो, मोठ्या पडद्यावर, सगळं पुरं चढवून. मग बघ."

आला. मी सावल्या लावल्या, गवत लावलं, क्षितिजापर्यंतचं सगळं उघडं केलं. पाण्यात ढग हलत होते. बाजारातल्या पालांची कापडंसुद्धा फडफडत होती, आणि एकदाही कुठं अडकलं नाही. धुकं गेल्यावर कळलं, ज्या डोंगराकडं जायला आम्हाला कित्येक संध्याकाळी लागल्या होत्या, तो गावाच्या मागंच उभा होता. अंकुश बराच वेळ बघत राहिला. "भारी आहे," म्हणाला. मग जरा वेळानं, "पर लई जवळ जवळ आहे रं सगळं. मला वाटायचं, लई लांब गेलो होतो आपण." आणि सोफ्यावरच झोपून गेला. त्याला थकवा असायचा, ते मला कळत होतं. पण एवढं सगळं मांडून ठेवलेलं असताना तो झोपला, आणि उठल्यावर त्यानं खिशातून तेच पुसट यंत्र काढलं, हे मला लागलंच.

तेराव्याला मी त्याच्या गावी गेलो. जेवणं झाल्यावर नसरीन आपा आल्या, मुलाच्या गाडीतून. सिल्लोडच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा, हातावर डायलिसिसच्या सुयांच्या गाठी. अंकुशच्या होत्या तशाच. सुनंदा वहिनी आत गेल्या, ते यंत्र चार्जरसकट एका कापडी पिशवीत घालून घेऊन आल्या आणि आपांच्या मांडीवर ठेवलं. "ह्यांनी सांगून ठेवलं होतं," एवढंच म्हणाल्या. आपांनी पिशवीवर हात ठेवला आणि मान फिरवली. मी समोरच्या सतरंजीवर बसलो होतो. कुणी माझ्याकडं पाहिलंही नाही, आणि पाहायचं कारणही नव्हतं.

मी पुष्कळ दिवस धुमसलो. तसलंच यंत्र विकत आणणं काही अवघड नव्हतं. पण अंकुशनं निरोप्याला जिथवर आणून सोडलं होतं ती वाट त्याच यंत्रात होती. शेवटी एका रविवारी दुपारी सिल्लोड गाठलं. अंगणात मका वाळत टाकलेला होता. आपा आत पलंगावर तक्क्याला टेकून बसल्या होत्या, सुनेनं चहा आणला. मी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "आपा, ते यंत्र थोडे दिवस मला द्याल? आमचा लहानपणचा गेम आहे तो."

"नक्को," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, वर्गात एखाद्या मुलाला खाली बस म्हणावं तसं. "मेरेकू दिया उन्होंने. तुम्ही इथं बसून बघा, कितीपण वेळ बघा."

त्यांनी ते चालू केलं. मी सरकून बसलो आणि पहिल्यांदा नाव वाचलं. पडद्यावरच्या निरोप्याचं नाव अंश्री नव्हतं. "मुसाफिर," आपा म्हणाल्या, "मी ठेवलं. अंकुशभाई बोले, आपा, नाव तुम्ही सांगा." मी विचारलं, तुम्ही गेम खेळायचात आधी कधी? त्या हसल्या. "कुठं! चार तास छताकडं बघायचं काम तिथं. अंकुशभाई खेळायचे, मी विचारायची, आता काय झालं, आता कुठं चालला? मग ते वाचून दाखवायला लागले. मग म्हणाले, चालवा तुम्ही, मी वाचतो."

मुसाफिर मोठ्या शहराच्या वेशीतून आत शिरला आणि आपांच्या अंगठ्यानं त्याची नजर सफाईनं खाली वळवली. पडद्यावर नुसती फरशी. मी दचकलो. "हे असं का करता?"

"उस शहर में ऐसाच चलते ना, सर झुकाके," त्या म्हणाल्या. "बादशाहाचं शहर आहे. अदब आहे तिथली. अंकुशभाई हमेशा ऐसाच चलाते."

त्यांना खरं कारण सांगावं असं ओठांवर आलं होतं. चित्र अडकतं म्हणून, आमच्या डब्यात कार्ड नव्हतं म्हणून, समर्थनगरातल्या माझ्या खोलीत आम्ही दोघांनी ते शोधलं म्हणून. मग वाटलं, अंकुशनं त्यांची समजूत मोडली नाही, तर मी कोण? की त्यालाच ती जास्त आवडली होती... "तुम्ही म्हंजे तेच ना," आपा मधेच म्हणाल्या, "ज्यांना धुकं आवडत नाही?" माझी एवढीच ओळख तिथं पोचली होती. मी म्हटलं, "हो, तोच मी." त्या म्हणाल्या, "मेरेकू तो सब जगह ऐसाच दिखता. साखरेनं डोळे नेले. मला वाटलं, माझ्यासाठीच बनवलाय."

पुढं एक म्हातारी वैदीण भेटली, खाली मुंगीएवढी अक्षरं उमटली. आपांनी यंत्र माझ्या तोंडासमोर धरलं. मी वाचलं, मराठीत सांगितलं, पूर्वी अंकुशला सांगायचो तसंच. आपांनी ऐकून घेतलं. "अंकुशभाई आवाज बदलके पढ़ते थे," म्हणाल्या. "ही म्हातारी आली की त्यांच्या आईसारखं बोलायचे. सिस्टरसुद्धा ऐकत उभी राहायची." ते काम माझं होतं. वाचायचं काम आम्हा दोघांत माझं होतं, आणि त्यानं ते माझ्याकडून उचलून माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं केलं होतं, एका अशा बाईसाठी, जिला मी ओळखतही नव्हतो.

ऊन उतरलं तसा मी उठलो. मुसाफिर डोंगरातल्या एका पुलापाशी उभा होता. मी सहज म्हटलं, "इथंच सेव्ह करून बंद करा." आपा म्हणाल्या, "इथं नाही. रस्त्यात नाही सोडायचं त्याला." आणि त्यांनी त्याला मागं फिरवलं. पुलावरून, धुक्यातून, एकाएकी उगवणाऱ्या झाडांमधून सावकाश चालवत खालच्या मुक्कामाच्या सराईपर्यंत आणलं, जिना चढवला, बिछान्यापाशी उभा केला आणि मग बटण दाबलं. "रोज?" मी विचारलं. "हौ, रोज. सुई काढायला सिस्टर आली तरी म्हणायचे, थांबा बाई, एवढ्याला घरात नेऊन ठेवू द्या."

माझ्यासोबतचा अंकुश असला नव्हता. तो कड्याच्या टोकावर, भर नदीत, अंगावर शत्रू धावून येत असताना सेव्ह करून मोकळा व्हायचा. "उद्या बघू," म्हणून हसत निघून जायचा. तो माझा. पण कुणालाही उघड्यावर न सोडणारा हा अंकुश आजारपणात तयार झाला होता, आणि तो आपांच्या वाट्याला आला होता.

आता अधूनमधून मी सिल्लोडला जातो. मी वाचतो, त्या चालवतात. यंत्र त्या अजूनही माझ्या हातात देत नाहीत, आणि मला ते अजूनही हवंच आहे. दिवेलागणीला त्या मुसाफिराला सराईकडं वळवतात. त्या यंत्रावर सराईचं दार उघडायला लई वेळ लागतो, पडदा नुसता काळा राहतो... तेवढा वेळ आम्ही दोघंही त्या काळ्या पडद्याकडं बघत बसतो.